दुकानातले कापड, दप्तरातले कापड

दहावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते: सायन्स की कॉमर्स? गुण नव्वदच्या पुढे असतील तर सायन्स, घरचे दुकान असेल तर कॉमर्स, आणि सी. ए. होण्याची जिद्द असेल तर तेही कॉमर्सच, पण जरा ताठ मानेने. या दोन वाटांखेरीज तिसरी वाट कोणी उच्चारली तर वडीलमंडळी चष्मा काढून पाहू लागतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात ती उच्चारली गेली. धाकटी मुलगी जेवणाच्या पानावरून म्हणाली, "मला अकरावीला फॅशन स्टडीज घ्यायचे आहे."

आमचे कापडाचे दुकान तिसऱ्या पिढीचे. सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बाजारपेठ लहान, पण आजूबाजूच्या खेड्यांतील लग्नांचा बस्ता आमच्याकडेच बांधला जातो. आजोबांनी इचलकरंजीहून धोतरजोड्या आणि मांजरपाट आणून आठवडी बाजारात विकायला सुरुवात केली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्या एका मागाच्या आवाजावर पुढे आमच्यासारखी कितीतरी घरे उभी राहिली. तेव्हा कापड हा आमच्या घरात बोलण्याचा विषय नव्हे, तो श्वासासारखा आहे. म्हणूनच आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुलीच्या बोलण्याचे आश्चर्य वाटले. ते म्हणाले, "कापड ओळखायला शाळा कशाला? हात आहे ना!"

आप्पांचा हात ही आमच्या पेठेत सांगण्यासारखी गोष्ट आहे. तागा उलगडून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड चोळले की ते सुताचा नंबर सांगतात, आणि बहुधा तोच गाठीवर लिहिलेला असतो. ज्या घरात असा हात आहे तिथे शाळेच्या पुस्तकाची काय मातब्बरी? माझ्या चुलतबहिणीचे म्हणणे वेगळे होते. "शिवणक्लासच लावायचा तर गावात आहे की. त्यासाठी दहावीचे एवढे गुण कशाला वाया घालवायचे?" आणि एका आतेभावाने, आवाज खाली आणून, स्थळे पाहताना काय सांगायचे असेही विचारले. समाजात राहायचे तर असे प्रश्न ऐकावे लागतात. प्रत्येकाला उत्तर द्यायलाच हवे असे मात्र नाही.

मी शांतपणे अभ्यासक्रम मागवून वाचला. केंद्रीय बोर्डाच्या अकरावी-बारावीला हा विषय कौशल्य विषय म्हणून घेता येतो. लेखी परीक्षा साठ गुणांची, प्रात्यक्षिक चाळीस गुणांचे. तंतू, सूत, विणकर आणि कापडाचे प्रकार, रंग, रेषा व पोत यांची तत्त्वे, वेशभूषेचा इतिहास, मापे घेऊन कागदावर बेतण्याचे पॅटर्न, शिवणाचे प्रकार. म्हणजे यात शिवणकाम आहे, पण जसे हिशेबाच्या विषयात बेरीज असते तसे. हा विषय घेतला म्हणून इतर वाटा बंद होत नाहीत, हेही त्यातून कळले. अकाउंट्स, इकॉनॉमिक्स आणि गणित यांच्या जोडीला तो घेता येत होता. मी एकच अट घातली: गणित सोडायचे नाही. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत, जिला सगळे निफ्ट म्हणतात, डिझाइनच्या पदवीसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. पण तिथल्याच वस्त्रनिर्मितीच्या तांत्रिक पदवीला बारावीचे गणित लागते. पालकांनी ही गोष्ट अकरावीच्या प्रवेशाआधी पाहून ठेवावी. बारावीत कळून उपयोग नसतो. हा विषय शिकवणारी शाळा आमच्या गावी नव्हती, म्हणून मुलगी कोल्हापूरला मामाच्या घरी राहायला गेली.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली ती दप्तरात कात्री, टेप आणि तुकड्यांची फाईल घेऊन. दुकानात येऊन तिने आप्पांना विचारले, "आप्पा, चाळीस नंबरच्या सुतापेक्षा ऐंशी नंबरचे बारीक का असते?" आप्पा म्हणाले, "असते म्हणून असते." मग तिने सांगितले. आठशे चाळीस वारांची एक लड धरायची. अशा किती लडी मिळून एक पौंड वजन भरते, तो सुताचा नंबर. चाळीस नंबर म्हणजे चाळीस लडींचे एक पौंड, ऐंशी म्हणजे ऐंशी लडींचे. एकाच वजनात जास्त लांबी बसवायची तर धागा बारीकच हवा. पॉलिएस्टरचा धागा मात्र डेनियरवर मोजतात; नऊ हजार मीटर धाग्याचे वजन किती ग्रॅम भरते, तो डेनियर. तिथे आकडा वाढला की धागा जाड होतो. एकाच दुकानात, एकाच फळीवर, एका मालाचा आकडा एका दिशेला चालतो आणि दुसऱ्याचा उलट, आणि हे आम्ही आयुष्यभर चुकता व्यवहारात वापरतो. आप्पा काही बोलले नाहीत. पण दुपारी रिकाम्या वेळी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर ८४० हा आकडा लिहिलेला मी पाहिला.

असे लहान लहान उलगडे पुष्कळ झाले. 'मर्सराइज्ड' हा शब्द धोतरांच्या आणि शर्टिंगच्या खोक्यांवर आम्ही इतकी वर्षे वाचला, की तो कुठल्या तरी कंपनीचा छाप असावा असे दुकानातल्या पोरांना वाटे. तो जॉन मर्सर या इंग्लिश माणसाच्या नावावरून आलेला आहे. सुती कापडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की तंतू फुगतो आणि रंग अधिक धरतो, हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाखवले. पुढे ते ताणून धरून केले की चकाकीही येते असे आढळले. 'सॅन्फोराइज्ड' हाही तसाच, सॅन्फोर्ड क्लुएट या माणसाचा; त्याने १९३० च्या सुमारास कापड आधीच आटवून घेण्याची रीत काढली. दोन माणसांची नावे आम्ही खोक्यांवरून रोज उचलत होतो.

दुकानाच्या ओट्यावर आमचे शिंपीकाका बसतात. माझ्या लहानपणापासून त्यांचे मशीन तिथेच आहे. शाळेत बेताचे पॅटर्न शिकल्यावर मुलगी त्यांच्यापाशी जाऊन बसू लागली. गळ्याची पट्टी उरेब का कापायची, यावर दोघांचा एकदा चांगला अर्धा तास गेला. काकांचे म्हणणे, उरेब कापली नाही तर गळ्याला पट्टी बसत नाही, सुरकुती पडते. तिने जाळीदार कापडाचा चौकोन त्यांच्या हातात दिला आणि आधी उभा, मग आडवा, मग कोपऱ्याकोपऱ्याने ओढायला लावला. उभ्या-आडव्या ओढीला धागे स्वतः ताण घेतात, म्हणून कापड हटत नाही. कोपऱ्याने ओढले की धाग्यांच्या चौकटी तिरप्या होतात आणि कापड वाकायला राजी होते. काका हसले. "मला कसे ते ठाऊक, तुला का ते ठाऊक," म्हणाले. पण सांगायलाच हवे की काज करण्यात ती अजून त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, आणि बाह्या जोडताना तिने मांजरपाटाचे कितीतरी मीटर फुकट घालवले. पॅटर्न आधी स्वस्त कापडावर शिवून पाहायचा असतो. त्यामुळे आजोबांच्या काळानंतर प्रथमच आमच्याकडे मांजरपाटाचा तागा महिन्यात संपू लागला आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण देतो. ब्लाउज एका धुण्यात आखडला, अशी तक्रार घेऊन बायका येतात. वरचे कापड बहुधा पॉलिएस्टरमिश्रित असते आणि अस्तर सुती. मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी आमच्याच दुकानातील अस्तरांचे बरोबर मीटरभराचे तुकडे घेतले, रात्रभर भिजवले, सावलीत वाळवले आणि पुन्हा मोजले. एक अस्तर चार सेंटिमीटर आटले, दुसरे जेमतेम एक. वरचे कापड मुळीच आटले नाही. म्हणजे आखडतो तो ब्लाउज नव्हे. आतले अस्तर आटते आणि वरच्याला ओढून घेते. भिजवून मग शिवा, हे आम्ही गिऱ्हाइकांना आधीपासून सांगतच होतो. आता कोणत्या कंपनीचे अस्तर मागवायचे, हेही या मापावर ठरते.

गेल्या वर्षी खरेदीनिमित्त अहमदाबादला जाणे झाले, तेव्हा तिच्या आग्रहावरून आम्ही कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहिले. साराभाईंचे घराणे गिरणीमालकांचे आणि आपल्याच समाजाचे. गौतम साराभाई आणि त्यांची बहीण गिरा यांनी १९४९ साली हे संग्रहालय उभे केले, आणि १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली तीतही या दोघांचा मोठा वाटा होता. कापड विकणाऱ्या घराने कापडाचा अभ्यास करावा यात नवे काही नाही, असे आतेभावाला सांगायला मला तिथे एक उत्तर मिळाले. आणखी एक गोष्ट मुलीने परतीच्या गाडीत सांगितली, ती मला फार आवडली. इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात येथे गुजरातेतून गेलेल्या ठशाच्या सुती कापडाचे जुने तुकडे सापडले आहेत. ते कोणत्या काळातील, हे ठरवताना अभ्यासकांना ज्या गोष्टींची मदत झाली त्यांत कल्पसूत्राची सचित्र हस्तलिखिते आहेत. कारण त्या चित्रांतील स्त्री-पुरुषांच्या वस्त्रांवर तशाच हंसांच्या आणि वेलबुट्ट्यांच्या ओळी आहेत. आपल्या भांडारांत पोथ्या जपल्या गेल्या त्या धर्मासाठी. त्यांनी बाजारातल्या कापडाचीही साक्ष जपून ठेवली आहे, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

आता ज्या गोष्टीने घरात खरी खळबळ केली, तिच्याकडे येतो.

तंतू ओळखण्याची एक सोपी परीक्षा अकरावीत शिकवतात. कापडाच्या कडेचे दोन धागे काढायचे, चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यायचे. सुती धागा भरभर जळतो, कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ आणि करडी पडते. रेशीम आणि लोकर हळू जळतात, केस जळल्याचा वास येतो, काळी गुठळी बोटाने चुरडता येते. पॉलिएस्टर वितळते, काळा धूर निघतो आणि मागे कडक मणी राहतो. तो चुरडत नाही. मुलीने दिवाळीच्या सुट्टीत ही परीक्षा दुकानातल्या साड्यांवर करून पाहिली. ज्या मालाच्या खोक्यावर कारखानदाराने कुठले ना कुठले 'सिल्क' छापलेले असते, त्यांतील बहुतेकांचा मणी कडक निघाला. तिने तेरा धागे कागदावर चिकटवले आणि प्रत्येकापुढे नाव लिहिले. 'आर्ट सिल्क' या नावावर ती थबकली. गिऱ्हाइकाला वाटते यात काही कला आहे. तो 'आर्टिफिशियल'चा अर्धा तुकडा आहे, म्हणजे कृत्रिम रेशीम.

आम्हा दुकानदारांना हे नवे नव्हते. पेठेत सगळ्यांना ठाऊक असते, आणि हजार-बाराशेच्या साडीत रेशीम नसते हे गिऱ्हाइकालाही कळते असे आपण धरून चालतो. आप्पांचा नियम असा, की विचारले तर खरे सांगायचे. खोटे कधी सांगायचे नाही. मापाच्या बाबतीत तर ते चार बोटे जास्तच सोडतात. मुलीने विचारले, "आणि विचारलेच नाही तर?"

आप्पांनी उत्तर दिले नाही. उत्तर आले ते आईकडून, आणि तेही पुढच्या वर्षी भाद्रपदात. दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पंडितजी समजावून सांगत होते. त्यांत खोटी मापे-वजने वापरणे हा एक, 'हीनाधिकमानोन्मान'. आणि त्याच्यापुढचा 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे खऱ्याच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे देणे. आई वर्षानुवर्षे हे ऐकत आली आहे. त्या दिवशी घरी आल्यावर तिने आप्पांना एवढेच विचारले, "ते नातीचे तेरा धागे कुठे ठेवलेत?"

त्यानंतर आम्ही एक पद्धत सुरू केली. प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर किमतीच्या खाली तंतू लिहायचा: सुती, रेशीम, व्हिस्कोस, पॉलिएस्टर. खऱ्या रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाने पुढाकार घेऊन २००४ पासून 'सिल्क मार्क'चे लेबल चालू केले आहे, ते असेल तर दाखवायचे. पहिल्या लग्नसराईत याचा त्रास झाला. नवरीच्या आईला साडीवर 'पॉलिएस्टर' लिहिलेली चिठ्ठी नको असते; तिला ती व्याह्यांसमोर उघडायची असते. दोन बस्ते समोरच्या दुकानात गेले. एक घाऊक व्यापारी मला म्हणाला, "शेठ, तुम्ही पेठेला वाईट सवय लावताय." पण काही गिऱ्हाइके चिठ्ठी पाहून थांबलीही. तोटा किती आणि लाभ किती, याचा ताळेबंद अजून पूर्ण झालेला नाही, तेव्हा फुशारकी मारत नाही.

मात्र धागे एकदा जाळून पाहिले की प्रश्न तेवढ्यावर राहत नाही. ज्याची गुठळी चुरडली, त्या खऱ्या रेशमाचे काय? फाईलमध्ये रेशमाचा तुकडा लावणे आवश्यक होते. आईने फार वर्षांपूर्वी महाराजांपाशी रेशमाचा त्याग घेतला आहे. ती देवळात आणि लग्नातही सुती नेसते. आपल्या आर्यिका माताजींची साडीही साधी, पांढरी आणि सुतीच असते. मुलीने पुस्तकात जे वाचले ते आजीला वाचून दाखवले: एका कोषाचा अखंड तंतू साधारण एक किलोमीटर लांब भरतो, पतंग कोष फोडून बाहेर आला तर तो अखंड राहत नाही, म्हणून त्याआधीच कोष उष्णतेने मारतात, एका साडीला असे हजारो कोष लागतात. आजी म्हणाली, "मला आकडा माहीत नव्हता. त्याग करायला तो लागलाही नाही." तुकडा तिनेच शोधून दिला, स्वतःच्या लग्नातील शालूच्या पदराचा, जो तिने कधीच फेकला नव्हता. नवा रेशमी तुकडा कापण्यापेक्षा हे बरे, असे तिचे म्हणणे.

'अहिंसा सिल्क' या नावाने मिळणाऱ्या कापडाचीही आमच्या घरी चौकशी झाली. आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोषांपासून सूत काढून साड्या विणवल्या, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. आसामकडच्या एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडाच असतो आणि त्याचे सूत कापसासारखे कातले जाते, म्हणून त्यालाही पुष्कळदा हेच नाव देतात. परंतु ईशान्येत एरीचे किडे खाल्लेही जातात; आणि तुतीच्या रेशमाचा पतंग माणसाने इतक्या पिढ्या पाळला आहे, की बाहेर पडूनही त्याला उडता येत नाही. तेव्हा नुसत्या नावावर विसंबून चिठ्ठीवर 'अहिंसा' लिहायला मुलगी तयार नाही. कोष कुठले, कोणी काढले, हे व्यापारी लिहून देणार असेल तरच, असे ती म्हणते. मला ते पटते. आपण ज्या शब्दाला सर्वांत मोठे मानतो, तो शब्द तरी खोक्यावरच्या छापासारखा वापरला जाऊ नये.

आता ती बारावीला आहे. निफ्टच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चालू आहे. तिथे जागा मिळाली नाही तर इचलकरंजीचे वस्त्र-अभियांत्रिकी महाविद्यालय घरापासून जवळ आहे, आणि तिसरी वाट कॉमर्सची आहेच. चुलतबहिणीच्या मुलाने परवा तिला फोन करून विषयाचे पुस्तक मागितले. मुलांनीही हा विषय घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गादीवर उद्या तीच बसणार.

राहिला आमचा रेशमाचा विभाग. तो बंद करावा असे आईला वाटते. चार कामगारांचे पगार आणि बस्त्याची निम्मी उलाढाल त्यावर आहे, असे मला दिसते. आप्पा दोन्ही ऐकून घेतात. या दिवाळीच्या मालाची यादी त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताने केली, पण पाठवण्याआधी नातीला वाचायला दिली. तिने चार नावांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली आहेत आणि खाली हातमागाच्या सुती इरकलीची एक ओळ वाढवली आहे. यादी अजून गल्ल्याखाली आहे. बेंगळुरूच्या व्यापाऱ्याचा फोन सोमवारी यायचा आहे.